मान पाहून मेमरी

बुलढाण्यात चिखली रोडवरच्या आमच्या संस्थेत मापारी साहेबांचं नाव काढलं की लोक अजूनही 'देवमाणूस' म्हणतात. मी म्हणत नाही. देवापुढे निदान कुणालातरी नैवेद्य ठेवावा लागतो. मापारी साहेब स्वतःच ताट घेऊन मोठ्यांच्या दारात उभे असत, आणि त्या ताटातलं अन्न कुणाच्या तोंडचं काढलेलं आहे याची त्यांना कधी पर्वा नव्हती.

संस्था मोठी होती. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, एक शाळा आणि अध्यक्षांच्या मातोश्रींच्या नावानं काढलेलं तीन मजली रुग्णालय. अध्यक्षांना सगळे अण्णासाहेब म्हणत. या सगळ्या पसाऱ्याचे कॉम्प्युटर जिथून चालत ती एक थंडगार खोली होती. दुसरीकडे तिला डेटा सेंटर म्हणतात, आमच्याकडे 'एसीची खोली' म्हणत. मापारी साहेब त्या खोलीचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. साहेब मूळचे धामणगाव बढ्याचे. संस्थेत टायपिंग शिकवायला लागले आणि टाइपरायटर गेले तेव्हा त्याच खुर्चीवरून कॉम्प्युटरचे साहेब झाले. अंगात सफारी, खिशाला तीन पेनं, त्यातलं एक लाल. अण्णासाहेबांचा फोन आला की ते खुर्चीतून उठून उभे राहत, आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तसेच उभे असत.

त्या खोलीत तीन मोठी यंत्रं होती. पण कामाचे सर्व्हर तीन नव्हते, वीस-बावीस होते, कारण एकेका यंत्राच्या पोटात सात-आठ सर्व्हर राहत. ते हातात धरता येत नाहीत, नुसते पडद्यावर दिसतात. एकत्र कुटुंबासारखा मामला असतो. चूल एक, धान्य एक, आणि कुणाला किती वाढायचं ते वाढणाऱ्याच्या हातात. इथलं धान्य म्हणजे मेमरी. एकाला जास्त दिली की दुसऱ्याला कमी पडते आणि ज्याला कमी पडते तो सर्व्हर रांगत चालतो. हे एवढं कळलं की मापारी साहेब समजायला सोपे आहेत.

यंत्रं बसवली ती पुण्याच्या एका कंपनीनं. त्यांच्या इंजिनिअरनं सर्व्हरांना शिस्तशीर नावं दिली होती. आधी गावाची अक्षरं, मग खात्याची, मग कामाची, शेवटी आकडा. रुग्णालयाच्या लॅबचा सर्व्हर कोणता, फीचा कोणता, हे नाव वाचूनच कळायचं. नवा माणूस आला तरी अडायचा नाही. नावांचा उपयोग तेवढाच असतो.

मापारी साहेबांनी ती नावं चष्मा कपाळावर चढवून वाचली.

"हे काय नावं हायेत?" ते म्हणाले. "मोटरसायकलच्या पाट्या हायेत ह्या! घरात लेकरू जन्मलं तं त्याले तू काय म्हनशीन? बीएलडी झिरो वन?"

इंजिनिअर पोरसवदा होता. तो हसला आणि पुण्याला निघून गेला. आठवड्याच्या आत साहेबांनी सगळ्या सर्व्हरांची नावं बदलली. सगळ्यात वर 'अण्णासाहेब'. मग 'माईसाहेब', म्हणजे अण्णासाहेबांच्या पत्नी. मग थोरले चिरंजीव 'बाळासाहेब', धाकटे 'राजाभाऊ', अण्णासाहेबांचे बंधू 'काकासाहेब', दोन्ही सुना, कन्या 'ताईसाहेब' आणि रुग्णालयाचे प्रमुख असलेले डॉक्टर जावई, म्हणून रुग्णालयाच्या सर्व्हरचं नाव 'जावईबापू'. तीन यंत्रांना त्यांनी 'थोरली पाती', 'मधली पाती', 'धाकटी पाती' म्हटलं. नेटवर्कही तीन भागांत होतं. कार्यालयाचं ते 'भाऊकी', कॉलेजांचं आणि रुग्णालयाचं ते 'सोयरे', आणि पोरांच्या वायफायचं ते 'पाव्हणे'.

मी नवीन होतो. मला वाटलं, गंमत आहे, चार दिवस चालेल. पण साहेबांच्या टेबलाचा खालचा खण उघडला तेव्हा गंमत संपली. आत लग्नपत्रिका होत्या, ठासून भरलेल्या. मोताळा तालुक्यात कुणाच्याही घरी लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर मापारी साहेबांकडे यायचा. कुणाचं नाव कुणाच्या वर, निमंत्रक कोण, विनीत कोण, मामा कुठे, गेलेल्या आजोबांच्या नावाआधी काय लिहायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. छापून आलेल्या पत्रिकाही ते लाल पेन घेऊन तपासत.

"हे पाह्य," ते मला एकदा म्हणाले, "मामाले चुलत्याच्या वर टाकलं. आता मांडवात रुसवाफुगवी होते का नाई, पाहून घेजो."

आणि झालीही. त्या बाबतीत माणूस पक्का होता. फक्त पत्रिका कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होतं हे त्यांना कधी कळलं नाही. सर्व्हरांना मेमरी वाटताना त्यांनी पत्रिकेचाच नियम लावला: मान पाहून. अण्णासाहेबांना सगळ्यात जास्त, माईसाहेबांना त्याखालोखाल, आणि असं उतरत उतरत खाली.

आता 'अण्णासाहेब' हा सर्व्हर काय काम करायचा? संस्थेच्या वेबसाइटवरचं एक पान दाखवायचा. त्या पानावर अण्णासाहेबांचा फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सत्कारांची छायाचित्रं. दिवसातून पाच-सहा लोक ते पान उघडत, त्यातले एक मापारी साहेब. 'माईसाहेब'वर हळदीकुंकवाचा अल्बम होता. शेकडो पोरांची फी, परीक्षेचे फॉर्म आणि रुग्णालयाचे सगळे रिपोर्ट ज्यांच्यावर होते ते सर्व्हर अर्धपोटी.

काकासाहेबांची गोष्ट तर विचारूच नका. बंधू वारले. त्यांच्या नावाच्या सर्व्हरवर जुन्या शाळेचे दाखले होते, ते आम्ही दुसरीकडे हलवले, सर्व्हर रिकामा झाला. मी म्हटलं, काढून टाकतो, मेमरी मोकळी होईल. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या सरणावरचं लाकूड मागितलं होतं.

"वारला म्हनून मानूस घरातून काढते का बे कोनी? तुह्या घरी काढतेत?"

आणि तो रिकामा सर्व्हर रात्रंदिवस चालू राहिला. वर्षश्राद्धाला साहेबांनी, तो सर्व्हर ज्या यंत्रात होता त्या 'मधल्या पाती'वर झेंडूचा हार घातला. हारातून पाणी ठिबकत होतं, विजेच्या यंत्रावर. मी फडक्यानं पुसलं तर म्हणाले, राहू दे.

'अण्णासाहेब' रिस्टार्ट करायची वेळ आली की वेगळाच सोहळा असे. बंद करून चालू करायला दोन मिनिटं लागतात. पण अण्णासाहेब बुलढाण्यात असताना साहेब ते बटण दाबत नसत. अण्णासाहेब मुंबईला गेले की मापारी साहेब चपला दाराबाहेर काढायचे, पडद्याला हात जोडायचे, तोंडातल्या तोंडात "माफी असावी" म्हणायचे आणि मग दाबायचे. मला हसूही येईना. पगार घेऊन असलं काही करणाऱ्या माणसाला हसायचं की त्याची कीव करायची, हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं.

या सगळ्यात अण्णासाहेबांचा दोष शोधायला जाल तर फारसा सापडायचा नाही. त्यांनी हे कधी मागितलं नव्हतं. मापारी साहेबांनीच त्यांच्या केबिनमध्ये एक मोठा टीव्ही लावून दिला आणि त्यावर सर्व्हरांची यादी सोडली, जास्त मेमरीवाला वर, कमीवाला खाली, प्रत्येकापुढे हिरवा दिवा. अण्णासाहेब चहा पिताना मान वर करत. आपलं नाव पहिलं, बायकोचं दुसरं, दिवे हिरवे. "मापारी, सगळं बरं आहे ना?" एवढं ते विचारत. त्या एका वाक्यावर मापारी साहेबांचा महिना जाई. आणि तेवढ्यासाठी ती यादी मानाप्रमाणेच राहिली पाहिजे, हा त्यांच्या आयुष्याचा एकमेव नियम होता. पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. मला यादी पाहता यायची, हात लावता येत नसे.

मग जावई रुसले. विश्वस्त मंडळात जागा हवी होती, मिळाली नाही. रुग्णालय सोडून ते खामगावला निघून गेले. दिवाळीला कन्या एकटीच माहेरी आली. लक्ष्मीपूजनाला मापारी साहेब अध्यक्षांच्या घरी होतेच, जावयाचा पाट रिकामा त्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना हा माणूस एसीच्या खोलीत येऊन बसला आणि 'जावईबापू'ची मेमरी त्यानं कापली. सोळा जीबीतली चार ठेवली. यादीत 'जावईबापू' एकदम तळाला, 'पाव्हण्यां'च्या वायफायच्याही खाली.

डॉक्टर जावयाला याचा पत्ताही नव्हता. त्याचं यानं काय वाकडं होणार होतं? त्या सर्व्हरवर रुग्णालयाची लॅब होती. रक्त तपासलं की आकडा आधी या सर्व्हरवर येई आणि तिथून वरच्या वॉर्डातल्या पडद्यावर जाई. आता तो आकडा वाटेत बसायला लागला.

लॅबच्या प्रमुख होत्या कल्पनाताई सोनोने. देऊळघाटच्या. रोज स्कूटीवरून येत. बोलायला फटकळ, कामाला चोख. त्या पहिल्यांदा आमच्या खोलीत आल्या तेव्हा मी तिथेच होतो.

"सायेब, माह्या रिपोर्टाले वर पोचाले दीड-दीड घंटा लागून राह्यला," त्या म्हणाल्या. "मशीन लगेच आकडा देते, अन् तो आकडा तुमच्या खोलीत येऊन बसून राह्यते."

"बसून नाही राह्यत ताई, रांगेत राह्यते. जावईबापूले जेवढं हाये तेवढ्यातच भागवा लागन."

"पन मंग काकासायबाचा रिकामाच चालू हाये म्हनते हा," कल्पनाताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्यातलं द्या ना."

"गेलेल्या मानसाच्या ताटातलं काढू? तुमाले बरं वाटन, मले नाही वाटत."

"मी जावईबापूसाठी मागून नाही राह्यली सायेब. पेशंटसाठी मागून राह्यली."

साहेबांनी यादीकडे पाहिलं. खरंच पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जणू शोधत होते. मग म्हणाले, "पेशंटच्या नावाचा सर्व्हरच नाही ना आपल्याकडं."

हे त्यांनी चेष्टेनं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. ते समजावून सांगत होते.

कल्पनाताई त्यानंतर पुन्हा पुन्हा आल्या. अर्ज दिले. साहेबांनी ते घेतले, पोच दिली. शेवटी ताईंनी आपल्या परीनं मार्ग काढला. रिपोर्ट झाला की कागदावर लिहायचा आणि वॉर्डात पाठवायचा, नाहीतर वर फोन करायचा. कधी स्वतःच चिठ्ठ्या घेऊन जिना चढायच्या. महिनाभर हे सुरळीत चाललं. कुणाचं काही अडलं नाही.

पण एक दिवस सकाळी अण्णासाहेबांनी रुग्णालयात फेरी मारली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाहून सहज म्हणाले, "हे कागद कशाला? आपलं तर सगळं कॉम्प्युटरवर आहे ना?" मापारी साहेबांचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी त्यांनी परिपत्रक काढलं. यापुढे सर्व अहवाल केवळ प्रणालीद्वारेच पाठवावेत, कागद व दूरध्वनी यांचा वापर करू नये, केल्यास कारवाई. मजकुराखाली सही त्यांचीच. मेमरी वाढवायला लागली असती दोन मिनिटं. परिपत्रकाला त्यांनी सबंध दुपार घातली आणि लाल पेनानं तीनदा तपासलं.

मी कल्पनाताईंना म्हटलं, वरती तक्रार करू. त्या म्हणाल्या, "कोनाकडं? वर कोन हाये ते तं तुमच्या टीव्हीवरच लिवेल हाये."

पावसाळा आला. बुलढाण्यात पावसाळा म्हणजे डास, आणि डास म्हणजे डेंग्यू. वॉर्ड भरले, लॅबची यंत्रं थांबेनात, आणि 'जावईबापू' आपल्या चार घासांवर रांगत होता. रिपोर्ट तासन्‌तास रांगेत राहू लागले.

पल्लवी आमच्याच नर्सिंगची. दुसऱ्या वर्षाला होती, होस्टेलला राहायची, गाव साखरखेर्डा. ज्या वॉर्डात ती शिकाऊ म्हणून पेशंटांना सलाइन लावायची त्याच वॉर्डात दाखल झाली. सकाळी तिच्या रक्तातल्या प्लेटलेट बऱ्या होत्या. दुपारी पुन्हा रक्त घेतलं. आकडा एकदम खाली आला होता. कल्पनाताईंनी तो पाहिला, पुन्हा एकदा मशीनमध्ये घालून खात्री केली आणि पाठवला. त्यांच्या पडद्यावर 'पाठवला' असं आलं. फोनकडे त्यांचा हात गेला होता. फोनच्या वरच ते परिपत्रक चिकटवलेलं होतं, आणि पडदा तर सांगतच होता की रिपोर्ट गेला.

वर वॉर्डात सकाळचाच आकडा दिसत राहिला. डॉक्टर फेरीला आले, पडदा पाहिला, "उद्या बघू" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. दिवेलागणीला तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग धावपळ, मग ॲम्ब्युलन्स, मग संभाजीनगर. दुसऱ्या दिवशी पहाटे ती तिथेच वारली. दुपारचा आकडा वॉर्डात उमटला तेव्हा खाट रिकामी होती.

डॉक्टर नंतर म्हणाले, आधी कळलं असतं तरी ती वाचलीच असती असं सांगता येत नाही. नसेल सांगता येत. पण ते सांगता येण्याची संधी एका यादीनं काढून घेतली, आणि ती यादी कुणी लावली होती हे मला माहीत आहे. तिचे वडील होस्टेलवर तिची पेटी न्यायला आले होते. पेटी उचलायला कुणाला हात लावू देईनात.

चौकशी बसली. प्राचार्य, रुग्णालयाचे नवे अधीक्षक, कार्यालयातले दोघे. मापारी साहेब नवी सफारी घालून आले. त्यांनी छापील कागद पुढे ठेवले. रिपोर्ट 'पाठवला' असल्याची नोंद, नेटवर्क चालू असल्याची नोंद, सगळे दिवे हिरवे असल्याचं चित्र. "प्रणालीत कोणताही दोष नाही," असं ते स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले. अधिकाऱ्यांपुढे त्यांची वऱ्हाडी कुठे जायची कोण जाणे.

"पाठवला असं माह्या पडद्यावर आलं," कल्पनाताई म्हणाल्या. "वर पोचला नाही हे मले खाली बसून कसं समजन?"

"मग फोन करायचा होता," मापारी साहेब म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ कोडगी माणसं पाहिली आहेत. पण फोनबंदीचं परिपत्रक काढून फोन का केला नाही असं विचारणारा हा एकच. कल्पनाताईंनी ते परिपत्रक पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. प्राचार्यांनी वाचलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, परिपत्रकाचा उद्देश तसा नसावा. मी मध्येच सांगितलं की सर्व्हरला मेमरी चार ठेवली आहे, आणि एक सर्व्हर रिकामा चालू आहे. मापारी साहेब समितीकडे वळून मायेनं हसले.

"तो अजून नवीनच आहे. घरातल्या गोष्टी त्याला कळत नाहीत."

समितीनं मान डोलावली. घरातल्या गोष्टीत पडायला कुणाला हवं होतं? कल्पनाताईंना सांगण्यात आलं की राजीनामा दिला तर अनुभवाचा दाखला चांगला मिळेल. त्यांची मुलगी दहावीला होती. नवरा देऊळघाटला शेती पाहायचा. त्यांनी राजीनामा दिला.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. माईसाहेबांनी हट्ट धरला, की धोंड्याच्या जेवणाला जावई आलाच पाहिजे, तुमचं मंडळ गेलं खड्ड्यात. मध्यस्थ खामगावला गेले, काय बोलणं झालं ते झालं, आणि जावई येणार असं ठरलं. अध्यक्षांच्या घरी पुरणाच्या धोंड्यांचा आणि अनारशांचा घाट घातला गेला. ही बातमी मापारी साहेबांना जेवणाच्या दिवशी दुपारी लागली. ते धापा टाकत खोलीत शिरले.

"अबे, जावईबापू येऊन राह्यले! जेवल्यावर अण्णासायेब त्याहिले केबिनात आनतीन. टीव्हीवर तळाशी दिसले तं कसं होईन? सरक, सरक तिकडं!"

मला खुर्चीतून उठवून ते बसले. चारचे बत्तीस केले. कमी पडली ती काकासाहेबांकडून घेतली, सगळीच्या सगळी.

"काकासायेबाच्या ताटातली?" मी विचारलं.

"घरातलेच हायेत ते. समजून घेतीन," ते म्हणाले.

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. यादीत 'जावईबापू' उड्या मारत वर गेला आणि माईसाहेबांच्या खाली जाऊन बसला. संध्याकाळी जावई खरंच केबिनमध्ये आले. मापारी साहेब दाराशी उभे होते, मी पाण्याचे ग्लास घेऊन त्यांच्या मागे. जावयानं टीव्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "यावर मॅच लागते का?" अण्णासाहेबांनी रिमोट मागितला. यादी गेली, क्रिकेट लागलं. मापारी साहेब तरीही हसत होते. त्यांना बहुतेक वाटत होतं की जावयानं नाव वाचलं असणार.

तिथून मी लॅबमध्ये गेलो. कल्पनाताईंचा तो शेवटचा दिवस होता. त्यांचं लॉगिन बंद करायला मला पाठवलं होतं. त्या नव्या माणसाला यंत्र दाखवत होत्या. कुणाच्या तरी रक्ताचा आकडा आला, त्यांनी बटण दाबलं आणि सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात वरून सिस्टरनं जिन्यात येऊन ओरडून सांगितलं, "ताई, आला बरं का! लगेच आला!" नव्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही. कल्पनाताई खुर्चीवर बसल्या. मी त्यांना सांगितलं, काय झालं आणि कशामुळे.

तोच मापारी साहेब आले. हातात अध्यक्षांच्या घरून मिळालेला अनारशांचा डबा. कपाळाला गंध. सगळ्यांना वाटत वाटत ते आले होते.

"घ्या ताई, अनारसा घ्या. घरचा हाये," ते म्हणाले. "आता पाह्यजा तुमचे रिपोर्ट! बटन दाबलं का वर!"

कल्पनाताईंनी डब्याकडे पाहिलं नाही. "सायेब, हेच पंधरा दिवस आधी केलं असतं, तं ते पोरगी..."

मापारी साहेबांनी लगेच चेहरा पाडला. शोकसभेत पाडतात तसा, तोही त्यांना चांगला जमायचा. "हाव ना. लय वाईट झालं," ते म्हणाले. मग जरा आठवल्यासारखं करून, डबा तसाच पुढे धरून त्यांनी विचारलं, "काय नाव व्हतं हो तिचं?"

अध्यक्षांच्या घरातल्या तान्ह्या नातवाचं पाळण्यातलं आणि जन्मराशीचं, दोन्ही नावं पाठ असलेला माणूस हे विचारत होता. लबाडी नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"पल्लवी," कल्पनाताई म्हणाल्या.

मापारी साहेबांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"चांगलं नाव हाये," ते म्हणाले. मग डबा माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही तेव्हा झाकण लावून ते जिन्याकडे वळले. त्या महिन्याअखेर मीही तिथून निघालो, पण मापारी साहेब म्हटलं की मला अजून एवढंच दिसतं. जिना चढून ते पल्लवीच्या वॉर्डात शिरले आणि दारापासून सुरुवात करून सिस्टर लोकांना, आधी मोठ्या सिस्टरला, मग धाकट्यांना, अनारसे वाटू लागले.